अप्पांची चालरेघ

ता. ३ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद, आणि जावईबापूंना नमस्कार. आम्ही इकडे खाऊनपिऊन सुखी आहोत. तुझे भाऊजी गुडघ्याला शिव्या देत जिना चढतात आणि उतरतात, बाकी नवीन काही नाही.

पत्र बघून हसशील. हातात मोबाईल असताना हिला टपालाची काय हौस, असं म्हणशील. हौस नाही गं. फोनवर तू मला 'हो', 'बरं', 'ठेवते, दूध उतू जातंय' एवढ्यात गुंडाळतेस. तुमच्याकडे एवढं दूध येतं तरी कुठून, मला कळत नाही. पत्र मधेच तोडता येत नाही. बाजूला ठेवलंस तरी ते टेबलावरून तुझ्याकडे बघत राहील.

दुसरं कारण असं, की मोबाईलला काय काय कळतं ते मी हल्ली शिकते आहे, आणि तेव्हापासून त्याच्यासमोर घरातलं बोलायला जीव धजत नाही.

झालं असं, की ऑफिसात मालकांच्या सुनेने कारभार हातात घेतलाय. मला बोलावून म्हणाली, 'काकू, आता नुसती लेबलं छापून भागणार नाही. बाटलीसमोर मोबाईल धरला की लेबल हललं पाहिजे.' आमच्या वेळी लेबल हललं तर गोंद कच्चा आहे असं समजायचे. जन्म गेला माझा साबणाची वेष्टनं आणि औषधांची खोकी रंगवण्यात, आणि आता हे. मला वाटलं, मला घरी बसवायचा डाव आहे. अजूनही वाटतं. पण त्यांना तेवढं सुख मिळू द्यायचं नाही म्हणून शिकवणीला जायला लागले.

वर्ग एका कागदाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरतो. चित्रकार आणि डिझायनर मंडळींना मोबाईलसाठी कोडिंग शिकवतात. हिशेबाचं नव्हे, चित्रांचं. आपण ओळी लिहायच्या आणि मोबाईलने चित्र काढायचं. शिकवणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात कंसबाई म्हणते, कारण कुणाचंही काहीही अडलं तरी त्या आधी विचारतात, 'कंस बंद केला का?' आणि दहातल्या नऊ वेळा नसतोच केलेला. माझ्या शेजारी एक फोटोग्राफर बसतो. तो सारखा माझ्या पडद्यात डोकावतो. मी वहीने झाकून घेते. माझं वर्तुळ चोरून तो काय करणार आहे देव जाणे, पण झाकलेलं बरं.

पहिल्या दिवशी एक ठिपका केला. बोट नेईन तिकडे ठिपका यायचा. मला वाटलं सरकतोय. छे. मोबाईल एका सेकंदात साठ वेळा अख्खा पडदा पुसतो आणि ठिपका नव्याने काढतो, इतक्या झटपट की आपल्याला वाटावं सरकला. मी म्हटलं, ही तर शुद्ध फसवणूक झाली. कंसबाई म्हणाल्या, 'काकू, चित्रकलेत दुसरं काय असतं?' बाई हुशार आहे, आणि हुशार माणसांवर जरा लक्ष ठेवावं लागतं.

मग एके दिवशी मोबाईलनेच मला विचारलं, तुमची हालचाल वाचू देणार का. मी नाही म्हटलं. ओळख ना पाळख, माझी हालचाल तुला कशाला हवी? सगळ्यांची चित्रं मोबाईल तिरका केला की घरंगळत होती, माझंच ढिम्म. शेवटी झक मारत हो म्हटलं. चिमे, त्याला सगळं कळतं गं. किती कलला, कुठे वळला, पाऊल टाकलं की बसणारा हिसका, सगळं. इतके दिवस पर्समध्ये हा गडी गुपचूप सगळं मोजत बसला होता.

त्यावरून मी एक स्केच केलंय. इथे प्रोग्रॅमलाच स्केच म्हणतात, तेवढी एक गोष्ट मला आवडली. त्याचं नाव 'चालरेघ'. मोबाईल तळहातावर आडवा धरायचा आणि चालायचं. पडद्यावर रेघ उमटत जाते. पावलापावलाला एक लाट, आणि आपण वळलो की वळण. पहिल्या वेळी तर शाईत पाय बुडवून कोंबडी फिरल्यासारखी रेघ आली. तेव्हा कंसबाईंनी गाळणी शिकवली. गाळणी म्हणजे एकच ओळ असते. मोबाईलकडून येणारा प्रत्येक नवा आकडा लगेच मानायचा नाही. आधीच्या रेघेला धरून राहायचं आणि नव्याकडे जरासंच सरकायचं. मग बारीकसारीक हिसके गळून जातात आणि रेघ लोण्यातून सुरी फिरावी तशी येते.

आणि मला अप्पा आठवले. दुकानांच्या पाट्या रंगवताना ते श्वास रोखून एका दमात रेघ ओढायचे. पट्टी नाही, दोरा नाही. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे, आणि मी खाली शिडी धरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, माझे वडील आहेत. तू तेव्हा पाळण्यात होतीस, तुला काय ठाऊक. मला वाटलं, अप्पा चालले तर कशी रेघ येईल?

तर मी लिंक पाठवली आहे. अप्पांच्या मोबाईलवर तेवढी उघडून दे. रोज संध्याकाळी ते फिरायला जातात असं तू सांगतेसच, मग जाताना हातात धरायचा. फिरणं झालं की पडद्यावर बोट दाबून ठेवायचं, रेघ आपोआप माझ्याकडे येते.

तसं मला काही तपासायचं नाही हं. पण अप्पांच्या पत्राचं पाकीट बऱ्याच दिवसांत आलेलं नाही. मागे आलं त्यावरचा पत्ता तुझ्या अक्षरात होता. अप्पांनी आजवर पाकिटावरचा पत्ता कधी दुसऱ्याला लिहू दिलाय? मी व्हिडिओ कॉल लावला की ते नेमके झोपलेले असतात, नाहीतर अंघोळीला गेलेले. आणि मी येते म्हटलं की तुझ्या घरात रंगकाम निघतं. असू दे. मनात आलं ते लिहिलं.

तुझी,
ताई


ता. १८ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

आशीर्वाद. अप्पांच्या रेघा मिळाल्या, रोज मिळतात. लिंक उघडून दिलीस त्याबद्दल शाबासकी आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना तुला आठवण राहील की मी ती दिली होती.

रेघा इतक्या सुरेख आहेत की काय सांगू. मी छापून वर्गात नेल्या. कंसबाईंनी भिंतीवर लावल्या. तो फोटोग्राफर कधी नव्हे ते तोंड उघडून बोलला. म्हणाला, 'यांचं वय काय? कॅमेरा धरायला मला असा हात हवा होता.' मी नुसती फुलून गेले. माझे वडील आहेत, असं मी म्हणाले, अगदी तेव्हासारखं. परवा फोनवर अप्पा स्वतः बोलले, 'तुझा खेळ झकास आहे गं. मी रोज करतो. पोचते ना तुला?' आवाज खुशीत होता. मी म्हटलं, अप्पा, व्हिडिओ लावा ना. तर एकदम तुझा आवाज. फोन तुझ्या हातात कधी गेला, कळलंही नाही.

आता मुद्द्यावर येते. त्या रेघा घरी आणून नीट बघितल्या आणि मनात पाल चुकचुकली. सात-आठ लाटा, मग वळण. पुन्हा सात-आठ लाटा, पुन्हा वळण. सगळ्या रेघा तशाच. मी आपला मोबाईल घेतला आणि आमच्या गल्लीत टोकापर्यंत जाऊन आले. लांबलचक रेघ आली आणि एकच वळण. मग घरात आले, जेवणाच्या टेबलापासून दारापर्यंत फेऱ्या मारल्या. हुबेहूब अप्पांसारखी रेघ.

म्हणजे अप्पा रस्त्यावर जातच नाहीत. खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालतात. मग 'आत्ताच फिरून आले', 'आज बागेत बसले होते', हे सगळं तू मला कशासाठी ऐकवत होतीस? दार लावून ठेवतेस का गं त्यांना? जावईबापूंना त्यांच्या रंगांच्या वासाने शिंका येतात, असं तू एकदा म्हणाली होतीस. म्हणून मागच्या खोलीत टाकलं का? ज्या माणसाने शिडीवर चढून आपल्याला वाढवलं, त्याने आता चार भिंतींत घिरट्या घालायच्या?

आणि त्याहून वाईट मनात येतं. अप्पा मुळात चालतात तरी का? की संध्याकाळी जावईबापू ऑफिसातून आले की तू मोबाईल त्यांच्या हातात देतेस, 'दोन फेऱ्या मारा हो, ताईचं तोंड बंद होईल'? तसं असेल तर मी वर्गाच्या भिंतीवर जावईबापूंची रेघ लावून मिरवते आहे, आणि तुम्ही दोघं तिकडे पोट धरून हसता आहात. अप्पांच्या वयाला इतकी सरळ रेघ? पहिल्या दिवशी मला त्याचं कौतुक वाटलं. आता वाटतं, कुठेतरी पाणी मुरतंय.

तुझे भाऊजी म्हणतात, तू साध्या गोष्टीचा बाऊ करतेस. त्यांना कुणी काही सांगितलं की पटतं. मला नाही पटत. मी सरळ लिहिते. पुढच्या महिन्यात मी येणार आणि अप्पांना घेऊन जाणार. आमची पुढची खोली रिकामी केली आहे. खिडकीतून रस्ता दिसतो, तळमजल्यावर आहे. घरात रंगकाम काढ, पाहुणे बोलाव, काही कर. मी येणार.

ताई


ता. २७ फेब्रुवारी

चिमे,

इतक्या मोठ्या पत्राला तुझं उत्तर काय, तर मोबाईलवर एक ओळ. 'ताई, अप्पा ठीक आहेत. तू चित्रं काढ, माणसं तपासू नकोस.' चार वेळा वाचली मी ती. दार लावतेस का, याला हो नाही, नाही नाही. येऊ नकोस असंही नाही आणि ये असंही नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही हे तू कुठे शिकलीस? लहानपणी तर पोटात काही राहायचं नाही तुझ्या.

ठीक. तू सांगत नाहीस, मग रेघेलाच विचारते.

मी कंसबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, की रेघ बघून कोण चाललं ते ओळखता येईल का. त्या म्हणाल्या, 'गाळणी आहे तोवर नाही येणार. गाळणीतून सगळी माणसं सारखीच निघतात. ती काढलीत तर ज्याची त्याची चाल दिसेल.' घरी येऊन करून बघितलं. बाई म्हणते ते खरं आहे. गाळणी काढल्यावर भाऊजींची रेघ गुडघ्यापाशी लचकते, माझी धबधब पडते. ओळखू न यायला काय झालं?

तर आज सकाळी ती ओळ मी काढून टाकली. तुला काही करायला नको. अप्पा लिंक उघडतील तेव्हा त्यांच्या मोबाईलवर हेच नवं स्केच चालू होईल. जावईबापू असले तर जावईबापू दिसतील. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत मला काय ते कळलेलं असेल, म्हणून आता लपवाछपवीची घाई करू नकोस.

ताई


ता. ५ मार्च

प्रिय चिमे,

परवा तू फोनवर बोलत होतीस आणि मी ऐकत होते. मधे दोनदा 'आहेस ना गं?' असं विचारलंस. होते. पण मला सांगायचं होतं ते फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहायला बसले. वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो विसरले म्हणून नाही. तुला आशीर्वाद देण्याइतकी मोठी मी आज नाही.

माझ्या बाजूला काय झालं ते तुला माहीत नाही, ते सांगते. गाळणी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी रेघ आली. मी ऑफिसात होते, खोक्याचं झाकण मापात बसत नव्हतं म्हणून आधीच वैतागलेली. उघडून बघते तर फणीचे दात. बारीक, दाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चालण्याची लाट त्याच्या तळाशी होती, वळणंही होती, पण त्यावर सगळीकडे ते दात. आणि मी काय समजले सांगू? मी समजले, जावईबापूंनी माझी थट्टा करायला मोबाईल मुद्दाम हलवलाय. खरंच सांगते, मला तेच वाटलं. बसल्या जागी लाखोली वाहिली त्यांना. थोड्या वेळाने दुसरी रेघ आली. तिचे दात पहिलीपेक्षा मोठे.

त्यानंतर काही आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. मी म्हटलं, बघा, चोरी पकडली जाते म्हटल्यावर बंद केलं.

परवा वर्गात त्या दोन्ही रेघा कंसबाईंना दाखवल्या. म्हटलं, यांचा मोबाईल बिघडलाय, की माझा कंस राहिलाय? त्यांनी ओळी वाचल्या. मग बराच वेळ रेघेकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, 'बिघडलेला मोबाईल असा एका लयीत थरथरत नाही. आणि कुणी मुद्दाम हलवला तर इतका वेळ सारखा हलवता येत नाही. हा हात आहे, काकू.' मग हळूच विचारलं, 'त्यांना डॉक्टरांना दाखवलंय ना?' शेजारचा तो फोटोग्राफर, जो रोज माझ्या पडद्यात डोकं घालतो, त्याने मान फिरवली आणि खिडकीकडे बघत बसला. तेव्हा मला कळलं. जिना उतरत होते तेवढ्यात तुझा फोन आला.

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू साधं, कामाचं सांगावं तसं सांगत गेलीस. वर्ष होऊन गेलं. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग पाऊल घसटायला लागलं. डॉक्टर झाले, गोळ्या चालू आहेत, पण हा आजार जाणारा नव्हे. रस्त्यावर जायचं अप्पांनीच सोडलं, हातातली पिशवी हलते आणि लोक बघतात म्हणून. पाकिटावर माझा पत्ता लिहायला बसले होते, एकामागून एक पाकिटं फाडली आणि पेन तुझ्या हातात दिलं. आणि तुला शपथ घातली. 'तिला कळू देऊ नकोस. तिने जन्मभर माझ्या हाताचं कौतुक केलंय.'

तू ती पाळलीस. माझी बोलणी खात पाळलीस. मी लिहिलं की दार लावून ठेवतेस का, आणि तू ते वाचून घडी घातली असशील आणि अप्पांच्या सदऱ्याची बटणं लावायला गेली असशील. जावईबापू गेले दोन महिने त्यांची दाढी करून देतात, हे तू असं सांगितलंस की जणू मला माहीतच होतं. त्यांना काय तोंड दाखवू मी?

पण चिमे, हे सगळं एकीकडे. मला रडू आलं ते तू नंतर सांगितलंस त्याने. डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगत होते, चाला, आणि अप्पा खुर्चीतून उठत नव्हते. माझं स्केच आलं आणि उठायला लागले. दोन्ही हातांत मोबाईल धरून, भरलेली वाटी न्यावी तसे फेऱ्या मारायचे. झालं की पडदा तुझ्यापुढे धरायचे. 'बघ, कागदावर नाही येत आता, पण याच्यावर अजून सरळ येते.' आणि मग विचारायचे, ताईला पोचली का. मला दाखवायची होती त्यांना. मी इकडे ती भिंतीवर लावून म्हणत होते, अप्पांच्या वयाला इतकी सरळ कशी?

माझ्या एका ओळीने त्यांचा हात बरा केला होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. आणि तीच ओळ मी तुला खोटं पाडायला काढून टाकली.

त्या दिवशीचं तू सांगितलंस ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पहिल्या फेरीतच ते थांबले. वाटलं, पडद्याला काही लागलंय. सदऱ्याच्या टोकाने पुसला. मोबाईल डाव्या हातात घेतला. कोपर बरगडीला घट्ट दाबून धरलं, पाटी रंगवताना धरायचे तसं, आणि श्वास रोखून पुन्हा चालले. ती दुसरी रेघ. मग मोबाईल पालथा ठेवला आणि पलंगावर बसले. माझं पत्र आलं तेव्हा त्यांनीच तुला विचारलं, 'हिने काय बदललं?' तू तरी काय करणार? सांगितलंस. मग म्हणाले, 'म्हणजे आधीची रेघ तिच्या स्केचची होती. माझी ही.'

गाळणी मी परवाच, जिन्यात उभ्या उभ्या, परत घातली. तीनदा चुकले. पण तू म्हणतेस, ते आता उघडतच नाहीत. चालणं बंद झालंय. जेवण खोलीतच मागतात.

वर्गाच्या भिंतीवरच्या रेघा काल काढून आणल्या. का म्हणून कुणी विचारलं नाही. ऑफिसात सूनबाई म्हणाली, 'काकू, ते चालायचं स्केच आपण बूटवाल्यांच्या खोक्याला लावू.' मी म्हटलं, दुसरं काहीतरी करून देते, ते नाही. तिने तोंड वाकडं केलं. करू दे.

परवा घरी आल्या आल्या मी बॅग भरायला घेतली. म्हटलं, आत्ता निघते, पाय धरते, काहीतरी करते. भाऊजी म्हणाले, 'आधी विचार तरी.' मी तुला विचारलं. तू म्हणालीस, 'ताई, अप्पा म्हणतात, तिला इतक्यात येऊ देऊ नकोस.'

आता हे तुला सांगायला हवं, नाहीतर पत्र लिहिण्यात अर्थ नाही. फोन ठेवला आणि पहिला विचार काय आला? हे अप्पा म्हणाले, की तू? एवढं सगळं ऐकून झाल्यावर, डोळे पुसत असताना, हा विचार आला. अप्पांना थेट फोन लावायला हात गेला. मग वाटलं, त्यांचे ते चष्मेवाले मित्र तुमच्या खालीच राहतात, त्यांना विचारावं. नंबर काढलाही. मग माझीच मला भीती वाटली. मागच्या आठवड्यात एकदा मी रेघेला विचारून बघितलं होतं, आणि ते अप्पांना पडद्यावर बघावं लागलं.

नंबर लावला नाही. बॅग रिकामी केली. पुढची खोली आहे तशी राहू दे, पण अप्पांना घेऊन जाईन असं मी पुन्हा म्हणणार नाही. ते तुझ्याकडे आहेत, आणि तुझ्याकडेच राहायचं त्यांनी ठरवलंय. माझ्यापासून लपून राहायला त्यांना तुझं घर मिळालं, हे मला लागलंय गं, खोटं कशाला बोलू? पण मिळालं हे बरं झालं.

तू मला अधूनमधून चार ओळी टाकत जा. बरे आहेत म्हणालीस तर बरे आहेत. झोपलेत म्हणालीस तर झोपलेत. दूध उतू जातंय म्हणालीस तर मी फोन ठेवीन. अप्पा ज्या दिवशी म्हणतील, येऊ दे तिला, त्या दिवशी तू मला सांगशील. नाहीच म्हणाले, तर तेही तूच सांगशील, आणि मी दुसऱ्या कुणाला विचारायला जाणार नाही.

ते परत चालायला लागले का, एवढंच विचारायचं होतं. हे वाक्य आधी लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहिलं. सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर राहू दे.

तुझ्या शब्दावर थांबलेली,
ताई